मार्गदर्शक ताई नेमके काय करते?

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. तरुण मुलीला घराबाहेरच्या एखाद्या जाणत्या व्यक्तीची नियमित सोबत मिळाली, तर तिच्यात धिटाई येते का, ती पुढे काही करून दाखवण्याची उमेद धरते का, आणि ती उमेद टिकते का, असे वाचक विचारत आहेत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून निपाणीपर्यंतची पत्रे आहेत. अनेकांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे कोणाचेच नाव दिलेले नाही, आणि पत्रे थोडी आवरून घेतली आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील जांबोटी भागातून निवृत्त झालेली मराठी शाळेची शिक्षिका आहे. आमच्याकडे दरवर्षी चार-सहा मुली एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, चांगले गुण मिळवतात आणि पुढच्या जूनमध्ये घरीच दिसतात, किंवा जवळ आहे म्हणून मिळेल त्या शाखेत नाव घालतात. त्यांना उभारी यावी म्हणून मी पाहुणे बोलावून व्याख्याने ठेवली. मुली मन लावून ऐकतात, टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे जैसे थे. याहून वेगळे काय करावे?

उत्तर : बाई, व्याख्याने बंद करा असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ‘मनात आणलेस तर तू काहीही करशील’ हे ऐकताना मुलीला बरे वाटते. मात्र सोमवारी सकाळी कोणत्या कचेरीत जायचे, कोणता कागद न्यायचा आणि तिथल्या माणसाशी काय बोलायचे, हे त्या वाक्यात कुठेच नसते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये केलेली मांडणी इथे उपयोगी पडते. ‘हे मला जमेल’ असा भरवसा माणसाला चार गोष्टींतून मिळतो, असे त्यांनी सांगितले: स्वतः केलेल्या आणि जमलेल्या कामातून, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमलेले पाहण्यातून, विश्वासातल्या माणसाच्या शब्दांतून, आणि त्या वेळी आपले शरीर व मन कोणत्या अवस्थेत आहे यावरून. यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत पक्की. व्याख्यान हा तिसरा प्रकार, आणि तोही अनोळखी पाहुण्याच्या तोंडून.

म्हणून चाळीस मुलींना एकदा बोलावण्याऐवजी चार मुलींना वर्षभर धरून ठेवा आणि त्यांना कामे सांगा. कामे खरी हवीत, म्हणजे ती झाली नाहीत तर कोणाचे तरी अडले पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी मुलीच्या नावाने बँकेत खाते बहुधा असतेच, पण पासबुक वडिलांच्या कपाटात आणि व्यवहार भावाच्या हाती असतो. तिला सांगा की पासबुकात नोंदी भरून आणायच्या आणि खात्याला आधार जोडलेले आहे का, ते विचारून यायचे. खानापुरातल्या काउंटरवर कन्नडमध्ये बोलावे लागेल, हे तिला ठाऊक असते आणि तिथेच तिचे पाय अडखळतात. तेव्हा आदल्या संध्याकाळी ओट्यावर तुम्ही बँकेतले कारकून व्हा, कपाळाला आठी घालून बसा आणि ‘नन्न खातेगे आधार लिंक आगिदेया?’ हे वाक्य तिच्या जिभेवर बसेपर्यंत तिच्याकडून म्हणवून घ्या. पहिल्या खेपेला बँकेत तिच्या शेजारी उभ्या राहा, पण तोंड उघडू नका. हे सर्वांत अवघड आहे, आणि शिक्षकांना तर फारच. दुसऱ्या खेपेला बाहेरच्या बाकावर बसा, तिसऱ्या खेपेला तिला मैत्रिणीबरोबर पाठवून तुम्ही घरी थांबा. ती परत आली की सविस्तर विचारा: कारकून काय म्हणाला, तू काय उत्तर दिलेस, रांगेत कोणी मध्येच घुसले तेव्हा काय केलेस? हे काम आपण स्वतः केले, हे तिला पुष्कळदा सांगतानाच उमजते.

या कामासाठी आपल्या सीमाभागात एक आयती जागा आहे आणि तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथे मुलींना नऊवारी नेसवून ग्रंथदिंडीत चालवतात, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला उभे करतात, आणि माइक मात्र गावातल्या ठरलेल्या गृहस्थांकडे राहतो. मुलींनी दिंडीत जरूर चालावे, पण एखाद्या सत्राचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे मागून घ्या. पाहुण्यांचा परिचय मुलीने स्वतः फोन करून मिळवावा, स्वतः लिहावा, आणि वेळ संपल्याची चिठ्ठी वक्त्यापुढे ठेवायची वेळ आली तर तीही तिनेच ठेवावी. ‘आपली वेळ झाली’ असे ज्येष्ठ वक्त्याला सांगून आलेली मुलगी मुलाखतीच्या टेबलासमोर सहसा गांगरत नाही.

आपल्यासारखीच कोणी पाहणे, या दुसऱ्या गोष्टीविषयी. बेळगाव तालुक्यातील तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव हिने 2018 मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात 52 किलो गटाचे कांस्यपदक मिळवले. शेतकऱ्याच्या घरातल्या या मुलीचे नाव तुमच्या मुलींना माहीत असायलाच हवे. तरीही पदक लांबचे असते. तुमच्याच शाळेत शिकून बेळगावच्या एखाद्या रुग्णालयात परिचारिका झालेली मुलगी मला जास्त उपयोगाची वाटते. तिला बोलवा, पगार, वसतिगृहाचे जेवण, पहिल्या महिन्यातले रडणे, रात्रपाळी, हे सगळे तिला सांगू द्या. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातल्या 495 गावांचा एक अभ्यास 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पंचायतीचे प्रमुखपद आरक्षणामुळे दोन निवडणुकांत स्त्रीकडे आलेल्या गावांमध्ये मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधली तफावत सुमारे एक तृतीयांशाने घटली होती आणि शिक्षणातली तफावत मिटली होती. मुलींसाठी नोकऱ्या वाढल्याचा पुरावा त्यात नव्हता. अधिकाराच्या जागी बसलेली बाई नजरेसमोर होती, हेच कारण अभ्यासकांना सर्वांत संभाव्य वाटले. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा आपल्या पंचायतीतल्या सदस्य बाईंच्या शेजारी एखाद्या मुलीला ग्रामसभेत बसवून पाहा. अर्थात त्या बाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसत नसतील तर.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. शक्ती योजनेखाली 11 जून 2023 पासून राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणजे ओळखपत्र जवळ असले की चार मुलींना घेऊन बेळगावला जाऊन येण्याला प्रवासखर्च नाही. तंत्रनिकेतन, परिचर्या महाविद्यालय, राणी चन्नम्मा विद्यापीठ, उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना त्यांना आतून दाखवा. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस पाहता हे सगळे दिवाळीनंतर करावे.

प्रश्न : मी उद्यमबागेत अभियंता आहे आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या मुलींना गणित, संगणक शिकवून पुढच्या शिक्षणाविषयी मार्गदर्शन करावे अशी इच्छा आहे. पुरुषाने यात पडावे का?

उत्तर : जरूर पडावे, पथ्ये पाळून. भेट शाळेत किंवा वाचनालयात, उघड्या दाराने आणि दुसरी एखादी प्रौढ स्त्री तिथे असताना व्हावी. वेळ आणि जागा मुलीच्या घरी ठाऊक असावी. निरोप धाडायचे ते आई किंवा शिक्षिका असलेल्या गटावर, आणि रात्री नाहीत. मुलीला दुचाकीवरून सोडायला जाऊ नये. भेटवस्तू आणि उसने पैसे वर्ज्य. एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा संस्थेमार्फत केले तर उत्तम. बेंगळुरूत 2009 मध्ये सुरू झालेली मेंटॉर टुगेदर ही संस्था हेच काम करते. तिची पद्धत समजून घ्या. ही पथ्ये म्हणजे तुमच्यावरचा अविश्वास समजू नका. गावात कुजबुज उठली तर शाळा मुलीची सुटते.

प्रश्न : ताई, मी निपाणीजवळच्या खेड्यातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई घरी विड्या वळते. कॉलेजमधल्या एका उपक्रमातून मला मार्गदर्शक म्हणून बँकेत अधिकारी असलेल्या मॅडम मिळाल्या आहेत. त्या खूप चांगल्या आहेत, पण बँकेच्या परीक्षा दे म्हणून मागे लागल्या आहेत आणि मला हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही. कोणी कन्नड किंवा इंग्रजीत काही विचारले की माझ्या घशाला कोरड पडते. मॅडमसमोर मी वेगळी असते आणि घरी आले की पुन्हा पहिल्यासारखी. मला खरेच काही जमेल का?

उत्तर : घशाला कोरड पडते, याचा अर्थ ‘मला येत नाही’ असा तू लावते आहेस. तो अर्थ चुकीचा आहे. छाती धडधडणे, हाताला घाम येणे हे अनुभवी वक्त्यांनाही होते. त्यांना ते सवयीचे झालेले असते इतकेच. यावर एक साधा उपाय करून पाहा. ‘मी मराठी माध्यमातून शिकले आहे, थोडे सावकाश बोलते’ एवढे एकच वाक्य कन्नडमध्ये आणि इंग्रजीत पाठ करून ठेव आणि बोलण्याची सुरुवात त्यानेच कर. पहिले वाक्य तयार असले की दुसरे सापडायला वेळ मिळतो, आणि समोरचा माणूसही बहुधा आपला वेग कमी करतो. बसच्या वाहकाशी कन्नडमध्ये बोलताना तुला कोरड पडत नसेल, कारण तिथे कोणी गुण देणार नसते.

बँकेच्या परीक्षेविषयी आधी माहिती घे आणि मग नको म्हण. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची पूर्व आणि मुख्य परीक्षा इंग्रजी-हिंदीखेरीज 13 प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय केंद्रीय अर्थमंत्रालयाने 2021 मध्ये जाहीर केला, आणि त्यात मराठीही आहे, कन्नडही आहे. या भरतीसाठी पदवी आणि वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि ज्या राज्यासाठी अर्ज करायचा त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता आणि समजता यावी लागते. महाराष्ट्रासाठी मराठी, कर्नाटकासाठी कन्नड. ज्या दोन भाषांच्या ओढाताणीत आपण अर्धवट राहिलो असे तुला वाटते, त्यांच्यामुळेच तुला दोन राज्यांपैकी एक निवडता येते. नागपूर किंवा म्हैसूरच्या मुलीला बहुधा हे शक्य नसते.

एवढे कळल्यावरही मन घेत नसेल तर तसे मॅडमना सांग. ज्या मार्गाने त्या स्वतः गेल्या तो त्यांना नीट माहीत आहे, म्हणून त्या तो सुचवतात. त्यात तुला बांधून घालण्याचा हेतू नसावा. पण ‘नको’ एवढेच सांगून थांबू नकोस, पुढची मागणी कर: ‘मॅडम, अभ्यास मी सुरू ठेवते, पण पतसंस्थांचे लेखापरीक्षण कसे चालते ते मला पाहायचे आहे. ओळखीच्या एखाद्या सीएंच्या कार्यालयात मला सुट्टीत बसता येईल का?’ बेळगाव-निपाणी भागात सहकारी पतसंस्था उदंड आहेत आणि हिशेबाच्या माणसाची त्यांना नेहमीच गरज असते. मार्गदर्शकाच्या मनातले चित्र हुबेहूब उतरवणे तुझ्याकडून अपेक्षित नाही. जी मुलगी आपल्या मार्गदर्शकाला वेगळे मत सांगू शकली, तिला काही तरी मिळाले असे मी समजते, मग ते मत पुढे बदलले तरी चालेल.

राहिले ‘घरी पुन्हा पहिल्यासारखी’. मॅडमसमोर येणारी धिटाई घरी आणायची असेल तर घरातलेच एक काम तुझ्या विद्येचे म्हणून अंगावर घे. विड्यांची मजुरी हजारावर ठरते. आई दर आठवड्याला किती पाने आणि किती तंबाखू आणते, किती विड्या देते, त्यांतल्या किती बाद होतात आणि हातात किती पडतात, याची वही घाल. आईकडे विडी कामगाराचे ओळखपत्र आहे का, भविष्य निर्वाह निधीत तिच्या नावाची भर पडते का, हे तपास. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शैक्षणिक साहाय्य योजना आहे आणि तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरला जातो. तू अजून भरला नसशील तर या वर्षी भर. महिन्याभराची वही आईपुढे उघडून ‘या आठवड्यात इतक्या जास्त बाद झाल्या, का ते विचारू या’ असे म्हणालीस, की घरात तुझ्याशी बोलण्याची रीत बदलेल. आई कदाचित आधी रागावेल. कारखान्यातला मुकादम नाराज झाला तर काम तिचे जाणार असते. त्यामुळे विचारायला कधी जायचे आणि कोणी बोलायचे, हे तिलाच ठरवू दे.

प्रश्न : मी बेळगाव तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये शिकवतो. मुलींना मार्गदर्शन करताना कर्नाटकातले पर्याय सांगावेत की महाराष्ट्रातले, यावरून पालकांत आणि आम्हा शिक्षकांतही वाद होतात.

उत्तर : दोन्ही सांगावेत, आणि दोन्हीकडचे कागद वेळेत तयार ठेवावेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमच्या मुलीच्या प्रवेशाची मुदत तेवढी थांबत नाही. जितके पर्याय ठाऊक, तितकी मुलगी मोठी स्वप्ने बघते. केवळ माहिती नसल्यामुळे आकांक्षा लहान राहिलेल्या मुली आपल्याकडे फार आहेत.

एसएसएलसीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका आणि तिच्यानंतर डीसीईटी परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट पीयूसी (अकरावी-बारावी) विज्ञानाच्या इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलीला पुष्कळदा मानवते, कारण हाताने काम करताना भाषा हळूहळू अंगवळणी पडते. पीयूसीनंतर अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांसाठी केसीईटी ही कर्नाटकाची प्रवेश परीक्षा द्यायची असेल, तर कर्नाटकात किमान सात वर्षे शिक्षण झाल्याची अट सीमाभागातली मुलगी सहज पूर्ण करते. त्याशिवाय पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी 15 टक्के ग्रामीण कोटा आहे. त्याचा दाखला मुख्याध्यापकांनी द्यायचा आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. हा दाखला तुमच्या टेबलावरून निघतो, गुरुजी, म्हणून आठवण करून देते.

महाराष्ट्राकडे पाहिले तर, वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथेच दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत पात्रतेचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी ठरावीक नमुन्यातले दाखले लागतात आणि त्या राज्याची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीतही महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतील उमेदवारांना अर्ज करता येतो. तिथे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. नियमांत बारीक फेरफार होत असतात, म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलीकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. पात्रतेच्या अटी आणि मुदती स्वतः शोधून काढणे, हेही तिचे शिक्षणच आहे. तुम्ही सगळे शोधून तिच्या हातात दिलेत तर प्रवेश मिळेल, पण पुढच्या अर्जाला ती पुन्हा तुमच्याकडेच येईल.

प्रश्न : मी हुक्केरी तालुक्यातला शेतकरी आहे. माझी मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात कोणी मार्गदर्शक बाई येतात, त्यांना भेटू लागल्यापासून ती पुण्याला शिकायला जाते म्हणते. चांगले स्थळ सांगून आले आहे, तर ऐकून घेत नाही. पूर्वी कधी उलटून बोलली नव्हती. या बाई मुलींच्या डोक्यात काय भरवतात? आम्ही तिचे वाईट करणार आहोत का?

उत्तर : दादा, तुम्ही तिचे वाईट करणार नाही, हे तिलाही माहीत असणार, नाहीतर तिने तुम्हाला सांगितलेच नसते. ती परस्पर काही ठरवून मोकळी झालेली नाही, घरात बोलते आहे. त्याला तुम्ही उलट बोलणे म्हणता, मी त्याला भरवसा म्हणेन.

तुमची शंका मात्र निराधार नाही. अशा सोबतीने मुलींची लग्ने पुढे जातात, आणि हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत तीन वर्षे नोकरभरतीची माहिती तरुणींपर्यंत पोहोचवून काय होते ते तपासले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या गावांतल्या 15 ते 21 वयोगटातील मुली इतर गावांच्या तुलनेत नोकरीकडे आणि पुढच्या शिक्षणाकडे जास्त वळल्या, आणि त्यांची लग्ने व बाळंतपणे लांबली. लग्नच नको असे त्या म्हणत होत्या, असा त्याचा अर्थ नाही. अठरा पूर्ण होण्याआधी मुलीचे लग्न करणे कायद्याने गुन्हा आहेच, आणि कर्नाटकात असे लग्न मुळातच रद्दबातल ठरते. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाच्या पुष्कळ मुली अजून अठराच्या आत असतात, तेव्हा तिची जन्मतारीख एकदा पाहून घ्या.

त्या बाईंना घरी चहाला बोलवा. मी तर म्हणेन, हे त्यांनीच आधी करायला हवे होते. बापाला वगळून मुलीला मोठी स्वप्ने दाखवणारा मार्गदर्शक अर्धेच काम करतो, कारण शेवटी सही तुमची लागते आणि ऊसबिलाचे पैसेही तुमचेच. बाईंना रोकडे प्रश्न विचारा. अभ्यासक्रम कोणता आणि त्याची एकूण फी किती, शिष्यवृत्ती वजा जाता घरातून किती लागतील, वसतिगृह कोणाचे आणि रात्री दार कधी बंद होते, शिक्षण पुरे झाल्यावर काय काम मिळते, आणि पुणेच का, बेळगाव किंवा हुबळीत तेच शिक्षण का नाही? या प्रश्नांची उत्तरे मुलीने द्यायला हवीत, बाईंनी नाही. तिला देता आली नाहीत तर तिला थोडा अवधी द्या आणि पुन्हा बसा. कदाचित पुणे गळून बेळगाव पक्के होईल. कदाचित ती अशी काही माहिती घेऊन येईल की तुम्हीच पुण्याची गाडी विचाराल. स्थळ खरेच चांगले असेल तर पदवीपर्यंत थांबता येईल का, असे त्यांनाही विचारून पाहावे. ते काय म्हणतात, त्यावरून माणसे कळतील.

प्रश्न : मी वडगावात राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते आणि आमच्या महिला मंडळातर्फे पीयूसीच्या एका मुलीची मार्गदर्शक आहे. सुरुवातीला ती भरभरून बोलायची. हल्ली फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही. मलाही नोकरी आणि घर सांभाळून वेळ काढणे जड जाते. हे इथेच सोडून द्यावे का?

उत्तर : आत्ता सोडू नका, निदान अशा प्रकारे तरी नको. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या हजाराहून अधिक मुलामुलींच्या मार्गदर्शनाचा मागोवा घेऊन 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांची सोबत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. पण ज्यांची सोबत पहिल्या तीन महिन्यांतच तुटली, त्यांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षा खाली गेली. आणखी एक माणूस आला आणि गेला, असे मूल मानते, आणि दोष स्वतःकडे घेते. म्हणून सुरुवातीलाच वर्षभराची तयारी असेल तरच हात पुढे करावा, असे मी मंडळांना नेहमी सांगते. फळाची अपेक्षाही बेताची ठेवावी. मुलांसाठीच्या मार्गदर्शन उपक्रमांच्या 73 मूल्यमापनांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सरासरी परिणाम चांगला पण माफकच दिसला. एका वर्षात मुलगी पालटून जात नाही.

फोन न उचलण्यामागे काय असते? चाचणीत गुण पडलेले असतात आणि तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते. फोन भावाचा असतो आणि तो कामाला गेलेला असतो. घरात लग्नाची बोलणी निघालेली असतात. किंवा तुम्ही प्रत्येक वेळी अभ्यासाचेच विचारता म्हणून ती कंटाळलेली असते, हेही शक्य आहे. यातले कोणते, ते ‘फोन का उचलत नाहीस?’ असे विचारून कळणार नाही. त्याऐवजी उत्तराची अपेक्षा नसलेला छोटा निरोप ठेवा, आणि रविवारी तिच्या आईला भेटायला म्हणून घरी जा. मुलगी समोर आली तर तिच्याकडे एखादे काम मागा: मंडळाच्या हळदीकुंकवाची यादी करायची आहे, तुझे अक्षर चांगले आहे, येशील का? आपला कोणाला उपयोग आहे, हे कळलेली मुलगी बहुधा परत येते.

वेळेचे म्हणाल तर आठवड्याची भेट पंधरवड्यावर न्या, पण वार आणि वेळ ठरवून टाका आणि ती चुकवू नका. पुढे खरोखरच थांबावे लागले तर महिनाभर आधी तिला सांगा, कारण तुमच्याकडे आहे असे स्पष्ट सांगा, आणि मंडळातल्या दुसऱ्या बाईंशी गाठ घालून देऊन मगच बाजूला व्हा. परीक्षा शुल्काची किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत जवळ आली असेल, तर मात्र रविवारची वाट न पाहता आजच तिच्या घरी जा, मुदतीचे तेवढे सांगून परत या, आणि न उचललेल्या फोनांचा विषय त्या दिवशी काढू नका.